रेडियल प्रोआरएमपी: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वापरल्यानंतर

वादन आज आणि अ‍ॅम्पचा आवाज सावकाश उद्या, ही मोकळीक मला या रीअ‍ॅम्प डबीने दिली, आणि आता ती सोडायची माझी तयारी नाही. वादकाकडून डीआयमधून (गिटार थेट रेकॉर्डिंगला जोडणारी डबी) ड्राय ट्रॅक, म्हणजे अ‍ॅम्पशिवायचा कोरडा आवाज, घ्यायचा, एडिट करायचा, मग तोच कॉम्प्युटरच्या ऑडिओ इंटरफेसमधून या डबीमार्गे खऱ्या अ‍ॅम्पला देऊन स्पीकरपुढे माइक लावायचा आणि पुन्हा रेकॉर्ड करायचा. माझा स्टुडिओ पुण्यातल्या सोसायटीत आहे. गिटारवाला रात्री मोकळा असतो, पण ट्यूब अ‍ॅम्प दुपारीच खोलता येतो. या डबीमुळे दोघांच्या वेळा जुळवाव्या लागत नाहीत.

या कामासाठी रीअ‍ॅम्प हा खास बॉक्स बनवला गिटारवादक जो सॅट्रियानी यांचे इंजिनिअर जॉन क्युनिबर्टी यांनी, १९९० च्या दशकात. पुढे ते उत्पादन कॅनडाच्या रेडियलकडे गेलं. माझा प्रोआरएमपी त्याच कंपनीचा: पॅसिव्ह, आत ट्रान्सफॉर्मर, वर लेव्हलचा नॉब आणि ग्राउंड लिफ्ट (अर्थची जोडणी तोडणारा स्विच). अ‍ॅडॉप्टर लागत नाही.

साधी केबल का चालत नाही, असं बरेच जण विचारतात. इंटरफेसचा लाइन आउट बॅलन्स्ड (बाहेरचा गोंगाट रोखणाऱ्या जोडणीचा), लो इम्पिडन्सचा, म्हणजे कमी विद्युत-विरोधाचा. प्रो लेव्हल +४ डीबीयू, म्हणजे साधारण १.२३ व्होल्ट. गिटारचा सिग्नल त्यापुढे किरकोळ, आणि अ‍ॅम्पचं १ मेगओहमच्या घरातलं इनपुट त्याच्याच हिशेबाने बनलेलं. थेट जोडलं की पहिला गेन स्टेज (सिग्नल वाढवणारा टप्पा) नको तेव्हा फाटतो. शिवाय कॉम्प्युटर आणि अ‍ॅम्पच्या अर्थिंगमध्ये लूप तयार होऊन हम येतो. ट्रान्सफॉर्मर आणि ग्राउंड लिफ्टने तो तुटतो. काही जण हम घालवायला अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंग पिनच काढतात. कृपा करून तसं करू नका. ट्यूब अ‍ॅम्पच्या आत तीनशे-चारशे व्होल्ट डीसी असतो, जिवावर बेतेल.

नॉब कुठे ठेवायचा हे कानाने ठरवा. आधी गिटार सरळ अ‍ॅम्पला लावून तोच रिफ वाजवा, मग ड्राय ट्रॅक पाठवा आणि दोन्ही सारखे फाटेपर्यंत नॉब फिरवा. एकदा जमलं की नॉबपाशी पेन्सिलची खूण करून ठेवा. डबी अ‍ॅम्पजवळ ठेवावी; लांब धाव बॅलन्स्ड केबलची, पुढची गिटार केबल आखूड.

सर्वांत जास्त फायदा मला बेसमध्ये झाला, आणि जपावं लागतं तेही तिथेच. बेसचा ड्राय आवाज आणि अ‍ॅम्पचा आवाज मिसळले की छान भरीव होतात, पण अ‍ॅम्पचा ट्रॅक नेहमी उशिरा येतो. इंटरफेसमधल्या कन्व्हर्टरचा (डिजिटल-अ‍ॅनालॉग बदल करणारा भाग) उशीर असतोच, त्यात माइक ३४ सेंटिमीटर मागे गेला की आणखी जवळपास १ मिलिसेकंद. ४८ किलोहर्ट्झला ४८ सॅम्पल. तेवढ्यानेही तळाचा दम जाऊ शकतो. म्हणून मी ड्राय ट्रॅकच्या सुरुवातीला एक क्लिक ठेवतो, ती परत आली की दोन्ही शिखरं जुळवून घेतो, पोलॅरिटी उलटून ऐकतो आणि मगच मिक्सला हात लावतो. कीबोर्डवरचा ऑर्गनही छोट्या ट्यूब अ‍ॅम्पमधून काढून पाहा. एवढा जिवंत होतो की मूळ आवाज परत ऐकवत नाही.

दोन ठिकाणी मात्र मी अजूनही गिटार थेट अ‍ॅम्पलाच लावतो. पहिलं, फझ पेडल, म्हणजे आवाज खरखरीत फाडणारं पेडल. जुन्या पद्धतीचं फझ गिटारच्या पिकअपशी आणि व्हॉल्यूम नॉबशी जोडलेलं असतं. नॉब कमी केल्यावर ते जसं मोकळं होतं, तसं रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर होत नाही. दुसरं, फीडबॅकवर ताणलेला सूर. स्पीकरचा आवाज तारांना हलवतो तेव्हा तो सूर टिकतो, आणि ड्राय ट्रॅकमध्ये तारा आधीच थांबलेल्या असतात. याच कारणाने वादकाला ड्राय घेतानाही हेडफोनमध्ये नुसती कोरडी गिटार देऊ नका. अ‍ॅम्प सिम्युलेटर लावा, अंतिम आवाजाच्या जवळचा. डिस्टॉर्शन कानात असलं की तो पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून वाजवणं) वेगळा करतो, नको त्या तारा दाबून धरतो. ते वादन ड्राय ट्रॅकमध्ये आलं नाही, तर पुढे कुठलाही अ‍ॅम्प ते आणून देत नाही.