नोकरी सांभाळून आर्थिक धोरण शिकायचंय: दूरशिक्षणातलं एमए की पब्लिक पॉलिसीचा कोर्स?

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या तिघांनी हाच प्रश्न विचारला. एक जण सहकारी बँकेच्या कर्ज विभागात आहे, एक महापालिकेच्या लेखा खात्यात, आणि तिसरी अंधेरीच्या एका कंपनीत डेटाचं काम करते. तिघंही तिशीच्या अलीकडे-पलीकडे, तिघांच्याही डोक्यावर ईएमआय. प्रत्येकाला मी वेगळं उत्तर दिलं, म्हणून एकदा सगळं सलग लिहून काढतो.

आधी मोह बाजूला ठेवू. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था रिझर्व्ह बँकेने 1987 मध्ये उभी केली. अर्थशास्त्रात तिचं नाव मोठं, पण तिथलं एमएस्सी पूर्ण वेळचं. पवईला आयआयटीच्या अशांक देसाई सेंटरमध्ये पब्लिक पॉलिसीचा (म्हणजे सार्वजनिक धोरणाचा) दोन वर्षांचा मास्टर्स आहे, तोही पूर्ण वेळचाच. कालिन्याचा मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग म्हणजे सी. एन. वकील, दांतवाला, ब्रह्मानंद या अर्थतज्ज्ञांची परंपरा. आता त्याचं नाव मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी. पण तिथलं नियमित एमए करायचं तर दिवस मोकळा हवा. संध्याकाळच्या वर्गांची या शहराला सवय नाही असंही नाही. चर्चगेटच्या जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेत नोकरदारांसाठी तीन वर्षांचे पार्ट टाइम मास्टर्स कित्येक वर्षं चालले. अर्थशास्त्राच्या वाट्याला ती वेळ फारशी आली नाही, एवढंच. बाबासाहेबांनीसुद्धा 1918 ते 1920 मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले आणि मग नोकरी सोडूनच लंडनला जाऊन राहिलेला अभ्यास पुरा केला. पण हप्ते भरणाऱ्याला हे सांगून काय उपयोग?

मग हातात उरतात दोन वाटा. एक, दूरशिक्षणातून अर्थशास्त्रात एमए: मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र सीडीओई (आपल्या तोंडी अजून ‘आयडॉल’च) किंवा इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ. दुसरी, नोकरदारांसाठीच आखलेला पब्लिक पॉलिसीचा ऑनलाइन कोर्स. बेंगळुरूच्या तक्षशिला संस्थेचा 48 आठवड्यांचा पीजीपी (पोस्टग्रॅज्युएट प्रोग्राम) हा त्यातला ओळखीचा. तिथेच 12 आठवड्यांचा छोटा सर्टिफिकेट कोर्सही आहे.

एकच प्रश्न, दोन वर्ग

फरक समजायला मुंबईच्या बेस्ट बसचं तिकीट घ्या. जुलै 2019 मध्ये साध्या बसचं किमान भाडं 8 रुपयांवरून 5 वर आलं. मे 2025 मध्ये ते 10 झालं, एसीचं 6 वरून 12. कुर्ला स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहून यावर जो-तो मत देतो.

एमएत तुम्ही हा प्रश्न मागणीच्या लवचीकतेने, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते यावरून सोडवता. भाडं दुप्पट झाल्यावर प्रवासी किती टक्के गळतात, उत्पन्न वाढतं की घटतं, शेअर रिक्षा ही पर्यायी वस्तू मानली तर तिच्या मागणीचं काय होतं. उत्तर समीकरणात असतं, आणि ते समीकरण तुम्हालाच मांडायचं असतं. पॉलिसीच्या कोर्सात याच विषयावर दोन पानांचं टिपण लिहायला सांगतात: निर्णय कुणाचा, तोटा कोण भरून काढतं, महापालिकेने बेस्टला पैसे द्यायचे तर ते कुठल्या खर्चातून काढायचे, विरोध कोण करेल, आणि भाडं न वाढवता आणखी काय करता आलं असतं. तिथे लवचीकता एका वाक्यात येते आणि पुढे जाते.

भाडेवाढीची बातमी वाचल्यावर तुमच्या मनात यातला कुठला प्रश्न आधी आला? बहुतेकांचं उत्तर तिथेच असतं. फी आणि संस्थेचं नाव नंतर बघा.

गणित, खरंच

एमएच्या जाहिरातीत हे कुणी मोठ्या अक्षरांत लिहीत नाही. मायक्रोच्या (सूक्ष्म अर्थशास्त्राच्या) सुरुवातीलाच ग्राहकाचं समाधान कमाल करायचं गणित येतं: उत्पन्न इतकं, दोन वस्तूंच्या किमती इतक्या, लॅग्रांज मांडा, म्हणजे खर्चाची अट धरून कमाल शोधायचं समीकरण. मी बीकॉमचा. डेरिव्हेटिव्हशी (कलनातल्या, शेअर बाजारातल्या नव्हे) शेवटची गाठ बारावीत पडलेली. डोंबिवलीहून सकाळच्या फास्टमध्ये दाराजवळ उभा राहून, बॅग छातीशी धरून, तिच्यावर वही टेकवून ते सोडवायचो. त्या समीकरणातला लॅम्डा म्हणजे हातात आणखी एक रुपया आला तर समाधान कितीने वाढेल, हे डोक्यात उतरलं तेव्हा घाटकोपर गेलं होतं आणि शेजारचे काका माझ्या वहीत डोकावून ‘सीए का?’ विचारत होते.

एकट्याने असं बसणं हीच दूरशिक्षणाची खरी किंमत. पुस्तकं मिळतात, व्याख्यानं होतात, पण मंगळवारी रात्री दहाला अडलात तर कुणाला विचारणार? पॉलिसीच्या कोर्सात बॅच असते, दर आठवड्याला काहीतरी द्यायचं असतं, ग्रुपवर कुणीतरी जागं असतं. चौथ्या महिन्यात उत्साह ओसरतो तेव्हा हे फार मोलाचं ठरतं. माझ्याबरोबर एमएला नाव घातलेले दोघे गळले, आणि दोघेही माझ्याहून हुशार होते.

कागदपत्रांचं एक सांगतो, कारण ते मला महागात पडलं. एका अभ्यासकेंद्रावर (नाव राहू दे) मी असाइनमेंट दिली आणि पोचपावती घेतली नाही. निकालात त्या पेपरचे गुणच नव्हते. ते लागेपर्यंत तीन हेलपाटे आणि एक रजा गेली. पोच घ्या, तिचा फोटो काढा, फोटो स्वतःलाच मेल करा.

कागदाचं वजन

इथे पारडं सरळ एमएकडे झुकतं. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची. प्राध्यापकीसाठी नेट परीक्षा द्यायची तर त्या विषयातलं पदव्युत्तर शिक्षण लागतं, खुल्या वर्गाला 55 टक्क्यांसह. इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसच्या (आयईएसच्या) परीक्षेला अर्थशास्त्रातलीच पदव्युत्तर पदवी हवी आणि वयाची मर्यादा साधारण तिशीची. पॉलिसीचं प्रमाणपत्र कितीही चांगलं असलं तरी या दारांवर चालत नाही, कारण ती विद्यापीठाची पदवी नव्हे. उलट एखाद्या थिंक टँकमध्ये, सीएसआर विभागात किंवा आमदार-खासदारांच्या संशोधन-साहाय्याच्या कामात तुमची दोन पानांची टिपणंच वाचली जातात. एमएची गुणपत्रिका तिथे फाइलला लागते.

एमएच्या आत निवडताना भाषा बघा. मुंबई विद्यापीठात मराठीतून पेपर लिहिता येतो. इग्नूचं एमए इंग्रजी आणि हिंदीत आहे. पॉलिसीचे कोर्स इंग्रजीत, आणि लेखनच तपासलं जात असल्याने तिथे इंग्रजी लंगडी असेल तर त्रास होतो. इग्नूत भारतीय आर्थिक धोरणावर स्वतंत्र पेपर आहे. धोरणासाठीच शिकणाऱ्याला तो आवडेल. परीक्षा तिथे जून आणि डिसेंबरमध्ये असते, पेपर कामाच्या दिवसांतही येतात. मार्चएंडच्या धबडग्यात सापडलेल्या बँकवाल्याला जून बरा पडतो.

पैशांचं थोडक्यात: दूरशिक्षणाची फी हजारांत, पॉलिसीच्या लांब कोर्सची त्याच्या कित्येक पट. कंपनी भरत असेल तरच हा मुद्दा सोडून द्या.

तिघांना काय सांगितलं

महापालिकेतल्या मित्राला एमए, मराठीतून. त्याला पदवीची गरज आहे, आणि अर्थसंकल्प तो रोज हाताळतोच, धोरण कसं ठरतं हे त्याला कुणी शिकवायला नको. अंधेरीच्या मुलीला पॉलिसीचा कोर्स, तोही आधी 12 आठवड्यांचा. रिग्रेशन (एका आकड्याचा दुसऱ्यावर किती परिणाम होतो ते काढायची पद्धत) ती ऑफिसात रोज चालवते, पण निकालावरून शिफारस लिहायची वेळ आली की अडखळते. सहकारी बँकवाला मात्र धड कुठेच बसेना. वय 33, म्हणजे आयईएस गेलं, प्राध्यापक व्हायचं नाही, आणि गणिताची भीती. ‘मग तुला हवंय काय?’ विचारलं तर म्हणाला, ‘रेपो रेट बदलला की साहेब मीटिंगमध्ये बोलतो ते समजायला हवं.’

त्याला मी कुठेच नाव घालू नको म्हणालो. रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, तिची पतधोरण समिती ठरवते. समितीत सहा सदस्य असतात. निर्णयानंतर चौदाव्या दिवशी बैठकीचं इतिवृत्त रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर येतं, आणि कुणी कुठल्या बाजूने मत दिलं, का दिलं, हे प्रत्येक सदस्याच्या निवेदनासकट त्यात असतं. फुकट. सलग दोन बैठकांची इतिवृत्तं पेन्सिल घेऊन वाच म्हटलं, आणि जिथे अडशील तिथे खूण कर. परवा त्याने खुणांची पानं पाठवली. निम्म्या खुणा महागाईच्या अंदाजांवर होत्या, आकडा आला कुठून या प्रश्नाच्या. आता तो बारावी कॉमर्सचं गणिताचं पुस्तक शोधतोय. इग्नूचे प्रवेश जानेवारीतही होतात, तोवर त्याने डेरिव्हेटिव्हपर्यंत यायला हरकत नाही.