जीआर८६ साठी ट्रॅकचे टायर आणि रिम: हॅन्कूक आरएस४ आणि १७ इंची एन्काय, वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

इकडे बे एरियात आपल्या मराठी मंडळींमध्ये टोयोटा जीआर८६ ही छोटी स्पोर्ट्स कार घेणारे बरेच झालेत आणि गाडी घेतली की थोड्या दिवसात ट्रॅक डेचं (रेस ट्रॅकवर आपली गाडी पळवायच्या दिवसाचं) वेड लागतंच, मग फोन सुरू होतात, टायर कुठले घेऊ, १८ इंचीच ठेवू का १७ वर येऊ, फोर्ज्ड (दाबून घडवलेल्या) रिमच पाहिजेत का. म्हणून एकदाच नीट सगळं लिहून काढतोय. माझ्या गाडीवर आत्ता हॅन्कूक व्हेंटस आरएस४ आहेत, साइज २४५/४० आर१७ (२४५ मिलिमीटर रुंद, १७ इंची रिमसाठी), चारही चाकांना सेम, आणि रिम एन्काय आरपीएफ१, १७ बाय ९ इंची, ऑफसेट (हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे ते) ४५ मिलिमीटर. जास्त करून थंडरहिल आणि अधूनमधून लगुना सेका या ट्रॅकवर, घरून ट्रॅकपर्यंत आणि परत याच टायरवर, ट्रेलर वगैरे काही नाही.

माझं मत आधीच सांगतो, सगळ्यात फास्ट टायर शोधू नका, वीस मिनिटांच्या सेशनमध्ये पहिल्या लॅपला जसा वागतो तसाच शेवटच्या लॅपला वागणारा टायर शोधा. आपण रेसला चाललेलो नाही, शिकायला चाललोय, आणि टायर दर लॅपला वेगळा वागायला लागला तर आपण ब्रेक उशिरा मारला म्हणून गाडी बाहेर गेली का टायर तापला म्हणून, हे कळतच नाही.

आधी कंपनीतून काय येतं ते बघू. बेस मॉडेलला २१५/४५ आर१७ मिशेलिन प्रायमसी, प्रीमियमला २१५/४० आर१८ मिशेलिन पायलट स्पोर्ट ४. गाडी २.४ लिटरची, २२८ हॉर्सपॉवर, वजन २८०० पौंडांच्या आसपास, म्हणजे हलकीच. प्रीमियमवाल्यांनी सुरुवातीच्या ट्रॅक डेजना काहीही बदलू नका, खरंच. पायलट स्पोर्ट ४ छान टायर आहे, घसरायच्या आधी आवाज करून सांगतो आणि पावसातही धरतो. फक्त फॅक्टरीतून पुढच्या चाकांना कॅम्बर (चाकाचा वरून आतल्या बाजूला झुकाव) जवळपास शून्य असतो, त्यामुळे जरा वेग वाढला की पुढच्या टायरची बाहेरची कड भराभर जाते. मधलं रबर नवंकोरं आणि कड गोटा, अशी अवस्था होते. थंडरहिलचा दुसरा टर्न हा लांबच लांब डावीकडे वळणारा आहे, त्याच्यात उजवं पुढचं चाक इतका वेळ चेपलेलं असतं की पहिला बळी तोच जातो. लगुना सेकाही घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनेच फिरतो, तिथेही उजवी बाजूच जास्त झिजते.

आता ट्रेडवेअरच्या (टायर किती सावकाश झिजतो त्याच्या) आकड्याबद्दल, कारण यात लोक फार गोंधळतात. टायरच्या बाजूला २००, ३०० असा आकडा असतो, मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस ला ३०० आहे, आरएस४ ला २००. या आकड्यासाठीची टेस्ट टेक्सासमध्ये सॅन अँजेलोजवळच्या ठराविक रस्त्यांवर ७२०० मैल गाडी चालवून होते, एका स्टँडर्ड टायरशी तुलना करून, पण शेवटी आकडा लिहिते ती कंपनी स्वतः. त्यामुळे एका कंपनीचा २०० आणि दुसरीचा २०० यांची तुलना करण्यात अर्थ नाही. योकोहामा ॲडव्हान ए०५२ वर पण २०० लिहिलंय, ब्रिजस्टोन पोटेंझा आरई-७१आरएस वर पण २००, आणि आरएस४ वर पण २००, आणि हे तीन टायर वागायला तीन टोकाचे आहेत.

ए०५२ ची ग्रिप थंड असतानाच जबरदस्त असते, ऑटोक्रॉसला (कोन लावलेल्या छोट्या रस्त्यावर एकेका गाडीची वेळ मोजतात), जिथे एक रन मिनिटभराचा असतो, तिथे तो बेस्टच. पण विलोजच्या उन्हात, म्हणजे थंडरहिल जिथे आहे तिथे उन्हाळ्यात पारा १०० फॅरनहाइटच्या वर सहज जातो, तीन-चार जोरदार लॅप झाले की तो तापून सरकायला लागतो आणि संपतोही लवकर. आरई-७१आरएस त्याच्यापेक्षा जास्त टिकाऊ आणि टायमिंगच्या मागे असाल तर मीसुद्धा तोच सांगेन. आरएस४ या दोघांपेक्षा लॅपमागे साधारण सेकंद-दीड सेकंद मागे पडतो, हे मान्यच आहे. पण तो मेहनतीचा टायर आहे. एन्ड्युरन्स रेसवाली स्वस्तातली टीम्स जी असतात ना, दिवसभर गाडी फिरवणारी, त्यांच्या पॅडॉकमध्ये (ट्रॅकपाशी गाड्या उभ्या करायच्या जागेत) चक्कर मारा, हा टायर जागोजागी दिसेल, आणि त्यांना टायरचा खर्च खिशातूनच करायचा असतो.

चालवताना कसा वाटतो ते सांगतो. पहिला लॅप जरा जपून, थंड असताना तो लाकडासारखा घट्ट वाटतो, सकाळच्या पहिल्या सेशनला तर दोन लॅप द्यायचेच. एकदा गरम झाला की मग सेशन संपेपर्यंत तोच. ग्रिप संपत आली की स्टिअरिंग हळूहळू हलकं होतं, झटका देत नाही, मागचं टोक सुटलं तरी आरामात सुटतं आणि तेवढ्या वेळात हात फिरवून गाडी सावरता येते. लगुनाला कॉर्कस्क्रूत, जिथे साडेचारशे फुटात रस्ता ५९ फूट खाली जातो, तिथे गाडी हलकी होते आणि लगेच दिशा बदलायची असते, तिथे असा सांगून सुटणारा टायर असला की हिंमत येते. सेशन संपवून आल्यावर रबर बघायचं, कडेला खोडरबराच्या वळ्यांसारखं बारीक रबर गोळा झालेलं असतं, ते दिसलं की टायर नीट काम करतोय. मोठमोठे तुकडे उडाले असतील तर मात्र प्रेशर किंवा कॅम्बर चुकलाय.

प्रेशर हा सगळ्यात फुकटातला आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. दारावरच्या स्टिकरचं प्रेशर रस्त्यासाठी आहे, त्याच प्रेशरने ट्रॅकवर गेलात तर टायर गरम होऊन फुगतो आणि मध्यावर चालायला लागतो. मी सकाळी थंड टायरमध्ये २८ पीएसआयने सुरू करतो आणि गरम झाल्यावर ३४ ते ३६ च्या मध्ये ठेवतो, आरएस४ या हलक्या गाडीवर तिथेच खूश असतो. साधा हिशोब लक्षात ठेवायचा, दर १० फॅरनहाइटला साधारण १ पीएसआय. सकाळी ५५ डिग्री आणि दुपारी १०० म्हणजे नुसत्या हवामानानेच चार-साडेचार पीएसआय वाढलं, ट्रॅकची उष्णता वेगळीच, म्हणून प्रत्येक सेशननंतर पिटमध्ये आल्या आल्या, टायर गार व्हायच्या आत, गेज लावून हवा सोडायची. टायरच्या कडेला छोटासा त्रिकोण छापलेला असतो, तिथपर्यंत खडूची रेघ मारा आणि एक सेशन करून या. रेघ त्रिकोणापर्यंत पुसली गेली तर ठीक, त्याच्याही खाली गेली तर प्रेशर कमी आहे, टायर लोळतोय. आणि संध्याकाळी घरी निघताना छोट्या कंप्रेसरने परत हवा भरा, टायर गार झाल्यावर ती फारच कमी झालेली असते आणि आय-५ वर तशा चाकांनी दोन-तीन तास जायचं म्हणजे बरं नाही.

साइज २४५/४० आर१७ च का, तर त्याचा एकूण व्यास येतो साधारण ६२८ मिलिमीटर, कंपनीच्या १८ इंची सेटचा ६२९, १७ इंचीचा ६२५, म्हणजे स्पीडोमीटर आणि गिअरिंगला काही फरक नाही आणि रबर मात्र जवळपास ३० मिलिमीटरने रुंद. शिवाय १७ चे टायर १८ पेक्षा स्वस्त, दर सेटला वाचतात. चारही सेम साइज असल्यामुळे पुढचे मागे, मागचे पुढे करता येतात, आणि या गाडीत पुढचेच जास्त झिजतात त्यामुळे हे करायचंच. पुढे बारीक मागे जाड असा सेट घालू नका, ही गाडी आधीच पुढून रेटते (वळवली तरी पुढचं टोक सरळ सरकतं), आणखीन रेटायला लागेल. २०२४ पासूनच्या ब्रेम्बो ब्रेकच्या पॅकेजवाल्यांनी मात्र १७ इंची रिम घ्यायच्या आधी कॅलिपरला जागा राहते का ते टेम्प्लेट लावून बघा.

आता रिम. ९ इंची, ऑफसेट ४५, म्हणजे कंपनीच्या साडेसात इंची, ४८ च्या मानाने चाक बाहेरच्या बाजूला २२ मिलिमीटर आणि आतल्या बाजूला १६ मिलिमीटर वाढतं. बाहेर फेंडरपाशी जमून जातं, आत स्ट्रटपाशी (सस्पेन्शनच्या खांबापाशी) जागा अगदी कमी उरते. इथे एक बारकावा आहे जो फिटिंगवाले सांगत नाहीत. कॅम्बर बोल्टने कॅम्बर वाढवला की चाकाचं वरचं टोक स्ट्रटच्या जवळ सरकतं, आणि वरून कॅम्बर प्लेटने वाढवला तर स्ट्रट आणि चाक दोन्ही एकत्र झुकतात, मधली जागा तेवढीच राहते. त्यामुळे ९ इंची चाक आणि अडीच-तीन डिग्री कॅम्बर दोन्ही हवं असेल तर प्लेटवर पैसे घाला. कॅम्बर न करता नुसते महाग टायर घालणं म्हणजे पैसे जाळणं आहे, हे मी भेटेल त्याला सांगतो.

आरपीएफ१ फोर्ज्ड नाही, कास्ट करून (साच्यात ओतून) मग कडेचा भाग रोलरने ताणून दाबतात, एन्काय त्याला मॅट म्हणते. या साइजला वजन साधारण १६ पौंड, जे बऱ्याच फोर्ज्ड रिमच्या बरोबरीने जातं आणि किंमत त्यांच्या अर्ध्याहून कमी. रेज कंपनीच्या टीई३७ या फोर्ज्ड रिमबद्दल मला मनापासून आदर आहे, १९९६ पासूनचं डिझाइन आणि नावातला ३७ आला तो १५ बाय ६ च्या चाकाच्या ३.७ किलो वजनावरून, पण तेवढे पैसे असतील तर त्यात एक सेट टायर आणि वर तीन-चार ट्रॅक डे होतात. फक्त टीई३७ सारखी दिसणारी स्वस्त नक्कल घेऊ नका, अजिबात नको. ट्रॅकच्या कडेच्या कर्बवरून ताशी ८० मैलाने गाडी जाते तेव्हा चाक तुटणं हा विनोद नाही. चाकावर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयएचे (जपानी चाकांच्या सुरक्षा मानकांचे) मार्क बघा आणि ओळखीच्या डीलरकडून घ्या.

या गाडीची पीसीडी (नटांच्या भोकांची मांडणी) ५ बाय १००, म्हणजे १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर ५ भोकं, आणि हबचा व्यास ५६.१ मिलिमीटर, आरपीएफ१ चं मधलं भोक ७३ चं, म्हणजे मधे रिंग लागते. अ‍ॅल्युमिनियमचीच घ्या, प्लास्टिकची ब्रेकच्या उष्णतेने वितळून चिकटते. भारतातून वाचणाऱ्यांसाठी, पोलोची पीसीडीपण ५ बाय १०० च आहे पण हब ५७.१ चा, त्यामुळे इकडच्या गाडीसाठी ५६.१ ला कापलेलं चाक तिकडे बसणार नाही, एक मिलिमीटरने अडेल, सेकंडहँड चाकं मागवताना हे आधी विचारा.

नट स्टीलचे घ्या, एम१२ बाय १.२५, रंगीत अ‍ॅल्युमिनियमचे दिसायला छान पण दर ट्रॅक डेला काढून-घालून त्यांचे आटे जातात. एका टायरवाल्याने माझे नट इम्पॅक्ट गनने इतके आवळले होते की पाना लावून उभं राहिलं तरी हलेनात. तेव्हापासून टायर बसवून घ्यायला नुसती चाकं घेऊन जातो आणि गाडीला घरी स्वतः लावतो, टॉर्क रेंचने ८९ फूट-पौंड, टकटक आवाज येईपर्यंत, चांदणीच्या क्रमाने. आणि पहिल्या सेशननंतर चाक गार झालं की परत एकदा चेक, नव्या रिमचे नट थोडे बसतातच.

न आवडलेल्या गोष्टी पण आहेत. हायवेला हा टायर घरघरतो, झिजत गेला की जास्तच, फोनवर बोलताना समोरचा विचारतो कुठे आहेस. काँक्रीटच्या खाचा असल्या की स्टिअरिंग इकडेतिकडे ओढतं. पावसात साचलेल्या पाण्यावर हळू जा, मिशेलिनसारखा विश्वास ठेवू नका, आणि हिवाळ्यात ताहोला जाताना घालायचे तर नाहीतच, थंडीत हे रबर दगड होतं. रस्त्यावरच जास्त फिरणार आणि वर्षातून एखादा ट्रॅक डे करणार असाल तर पायलट स्पोर्ट ४एस घ्या, घरचेही खूश राहतील.

दर थोड्या दिवसांनी जाणार असाल आणि टायमिंगची घाई नसेल तर आरएस४ डोळे मिटून. माझा पुढचा सेटही हाच येतोय, रिम तेच राहणार, फक्त या वेळी पुढे-मागे अदलाबदल आणखी लवकर सुरू करणार. तुमच्याकडे कॅम्बर प्लेट असेल तर प्रेशर माझ्यापेक्षा एखादा पीएसआय खाली-वर लागेल, खडू सोबत ठेवा आणि स्वतः बघून ठरवा.