९० सेंटिमीटरचे स्नोब्लेड: डावा पाय ऐकत नसेल, तर आधी बूट तपासा

ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातील विल्डर कायझर परिसरातील निळ्या, म्हणजे सोप्या, उतारांवर मी सॉलोमन कंपनीचे 90 सेंटिमीटरचे स्नोब्लेड, म्हणजे बर्फावर घसरण्याच्या अगदी आखूड स्की, भाड्याने घेऊन वापरले. म्युनिकहून या परिसराजवळच्या कुफस्टाइनला रेल्वेने साधारण तासाभरात पोहोचता येत असल्याने म्युनिकमधली आपली बरीच मंडळी पहिल्यांदा बर्फावर उभी राहतात ती याच भागात, म्हणून हा अभिप्राय नवशिक्यांसाठी सविस्तर लिहीत आहे.

फळी म्हणून स्नोब्लेड उत्तम आहे. काठ्यांची गरज पडत नाही, दोन्ही टोके वर वळलेली असल्याने ती बर्फात अडकत नाहीत, आणि वळण अगदी थोड्या जागेत घेता येते. मात्र लांब स्की ज्या चुका पोटात घालते, त्या ही फळी घालत नाही. बुटाचा तळच सुमारे 30 सेंटिमीटरचा असतो, म्हणजे फळीचा जवळपास एक-तृतीयांश भाग त्यानेच व्यापलेला असतो. त्यामुळे शरीराचा भार जरा मागे गेला की आधाराला मागे फारसे काही उरत नाही, आणि दोन पायांमधला फरक लगेच उघडा पडतो.

माझी डावीकडची वळणे नीट होत होती, परंतु उजवीकडे वळताना फळीची मागची बाजू दरवेळी घसरत होती. वळणात बाहेरच्या पायावर अधिक भार येतो, आणि उजव्या वळणात तो पाय डावा असतो. डावा पाय कमजोर आहे, सरावाने सुधारेल, असे भाड्याच्या दुकानात सांगण्यात आले. या फळ्यांना डावी-उजवी असा भेद नसल्याने मी त्या अदलाबदल करून पाहिल्या. घसरण फळीबरोबर दुसऱ्या पायाकडे गेली नाही, डाव्या पायाशीच राहिली. म्हणजे दोष फळीत किंवा बाइंडिंगमध्ये (बूट फळीला जखडणाऱ्या पकडीत) नव्हता. मग सपाट जागी उभे राहून गुडघा पुढे वाकवला, तेव्हा डावी टाच बुटात स्पष्टपणे वर उचलली गेली. बकल आवळल्यावर पायाचा वरचा भाग बधिर होई, टाच मात्र तशीच सुटी राहत असे.

दुसऱ्या दुकानातील बूट बसवून देणाऱ्या कारागिराने जे केले, त्यासाठी त्यांना पूर्ण गुण द्यायला हवेत. त्यांनी आधी दोन्ही पाय उभ्याने मोजले, कारण स्कीबुटाचा आकडा म्हणजे पायाची सेंटिमीटरमधली लांबी असते. मग आतील मऊ लायनर काढून रिकाम्या कवचात पाय घालायला लावला, बोटे पुढे टेकवली आणि टाचेमागे बॅटरीचा उजेड टाकून पाहिले. तिथे दीड-दोन सेंटिमीटर जागा असावी. माझ्या डाव्या बुटात त्याहून कितीतरी अधिक होती. उजवा पाय रुंद असल्याने मोठ्या बुटातही घट्ट बसत होता, म्हणून त्या बाजूची तक्रार नव्हती. त्यांनी एक माप लहान बूट दिला, डाव्या लायनरला घोट्याभोवती फोमची पट्टी चिकटवली आणि दोन मोज्यांऐवजी एकच पातळ मोजा घालायला सांगितले. बकल लावण्याआधी टाच जमिनीवर आपटून मागे सरकवायची, हेही त्यांनीच दाखवले. त्यानंतर नडगी पुढे दाबताच डाव्या फळीची कड बर्फात रुतू लागली.

उजवा पाय अजूनही सरस आहे आणि एका पायावर तिरके घसरत जाण्याचा सराव लागणारच, पण सैल बुटात तो सराव वाया जातो.

घेण्याआधी बाइंडिंगकडे अवश्य पाहावे. मला मिळालेले बाइंडिंग पडल्यावर न सुटणारे होते. अशा बाइंडिंगमुळे नडगीचे हाड मोडण्याचा धोका वाढतो. ज्यांच्या पायाला पूर्वी दुखापत झाली आहे त्यांनी सुटणारे बाइंडिंग बसवलेली फळी मागावी. तसेच जुन्या बाइंडिंगमध्ये चालायला सोयीचे, गोलसर तळाचे नवे बूट नीट बसतीलच असे नाही, त्यामुळे बूट आणि फळी एकाच ठिकाणाहून, दुकानातच जोडून घ्यावी.