वाड्यातलं लॉज आणि खालची खानावळ: आठ महिन्यांनंतर

जूनपासून दर महिन्याला ऑफिसच्या कामानं चार-पाच रात्री पुण्यात असते. म्हणजे एव्हाना इथे पस्तीसेक रात्री झोपले आणि त्याच्या दुप्पट वेळा तरी जेवले. खाली थोडी कुरकुर आहे, म्हणून नाव लिहीत नाही. मंडईपासून चालत सात-आठ मिनिटं, पेठेतल्या बोळात दुमजली वाडा. तळाला खानावळ, वर नऊ खोल्या. सोलापूरहून गाडीनं आलात तर पुणे स्टेशनवरून मेट्रो, जिल्हा न्यायालयाला बदलून मंडई. पूर्वी रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यातच पहिली अर्धी भूक मरायची.

दिवाळीत दारावर 'पेशवेकालीन हेरिटेज निवास' अशी पाटी लागली आणि भाडं दोनशेनं वाढलं. आता जोतं काळ्या दगडाचं, खांब सागवानी, दिंडी दरवाजातून आजही वाकूनच आत यायचं, हे सगळं खरं. पण गॅलरीचे कठडे बिडाचे आहेत, आणि तसले ओतीव कठडे इंग्रजी अमदानीतले. मालकांना म्हटलं तर हसले, "ताई, हौद तरी पेशव्यांचा धरा की!" चौकात फळ्या टाकून झाकलेला हौद आहे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून दगडी नळानं शहरात पाणी आणलं, ते अशाच हौदांत पडायचं. हौदाचं मान्य केलं. दोनशे रुपयांचं अजून नाही.

जिना भिंतीच्या जाडीतून काढलेला, अंधारा, पायऱ्या उंच. वरून सोडलेला दोर धरून चढायचं. एकदा आईला आणलं होतं, ती वर पोचली ती निघायच्या दिवशीच खाली उतरली. दोन दिवस तिचं ताट वर आणून दिलं, जादा पैसे घेतले नाहीत, हेही नोंदवते. ऑक्टोबरातसुद्धा नुसत्या पंख्यावर भागतं, इतक्या भिंती जाड. त्याच भिंतींमुळे खोलीत मोबाइलला रेंज नाही, ऑफिसचे कॉल ओसरीवर बसून घ्यायचे. खोल्यांच्या मधल्या आडभिंती मात्र फळ्यांच्या. शेजारचा कोणत्या कुशीवर झोपलाय तेही कळतं. जुलैत कौलं गळली, रात्रभर बादलीत टपटप. गरम पाणी साडेसहा ते आठ, मग कितीही हाका मारा. गणपतीत येऊ नका. मी आठव्या दिवशी आले होते, ढोलांनी खिडकीची तावदानं थरथरत होती.

एवढं सगळं असून मी दर महिन्याला इथेच का येते, तर खालच्या आमटीसाठी. आम्ही सोलापूरचे. गूळ-आमसुलाची आमटी पहिल्या दिवशी औषधासारखी गिळली, पिशवीतली शेंगाचटणी काढून त्यात कालवली. वाढणाऱ्या काकूंनी बघितलं, बोलल्या काही नाहीत. ऑगस्टपर्यंत चटणीचा डबा न उघडताच परत जायला लागला. गोडा मसाला काकू घरीच करतात. ज्या दिवशी तीळ, खोबरं, दगडफूल भाजलं जातं, त्या दिवशी वरच्या खोलीतल्या टॉवेललाही वास लागतो. श्रावणात अळूची पातळ भाजी मिळाली, मुळा, हरभरा डाळ आणि दाणे घातलेली. तिसरी वाटी मागताना थोडी लाज वाटली, पण मागितली. पोळी घडीची, पदर सुटलेली. भाताबद्दल बोलण्यासारखं नाही, रात्री उशिरा गेलात तर गार असतो.

ताट एकशेसाठ रुपयांचं. रविवारी दुपारी गोडधोड असतं, संध्याकाळी चूल बंद. हे कुणी सांगत नाही. मी पहिल्या रविवारी केळी खाऊन झोपले.

राहायचं असेल तर चौकाकडची खोली मागा, रस्त्याकडे पहाटे दुधाच्या क्रेटचा खणखणाट असतो. गुडघे दुखणाऱ्यांनी नुसतं जेवून जावं. बुधवारी डाळिंबीची उसळ असते आणि पावणेनऊपर्यंत संपते, तेव्हा आधी सांगून ठेवा. माझं फेब्रुवारीचं झालंय, चार नंबरची खोली, मंगळवार ते शुक्रवार. म्हणजे बुधवार मधे येतो.