पावसाळाभर वापरून: पिल्लाच्या शी-शूच्या सवयीसाठी पॅड, गवताचा ट्रे आणि एन्झाइम क्लीनर

आमचं घर देवगडकडचं, जांभ्या चिऱ्याचं. पुढे पडवी, पडवीपुढे खळं, म्हणजे अंगण. मृगाच्या तोंडावर दोन महिन्यांचं गावठी पिल्लू आणलं. नाव खंड्या. बाहेर धो धो पाऊस, म्हणून धुता येणारे पॅड, प्लास्टिकच्या गवताचा ट्रे आणि एन्झाइम क्लीनर (मुतातला वास मुळातून तोडणारं द्रव) असं तिन्ही ऑनलाइन मागवलं. आता दिवाळी झाली, म्हणून सविस्तर लिहितोय.

पैसे वसूल झाले ते क्लीनरचे. मूत पाण्याने पुसलं तरी त्याचे बारीक अंश लादीच्या सांध्यांत आणि कोब्यात राहतात. हवा दमट झाली की त्यांचा वास पुन्हा उठतो, आणि आपल्याकडे चार महिने हवा दमटच. कुत्र्याला तो वास म्हणजे ‘जागा हीच’ अशी खूण. पडवीच्या खांबाशी खंड्या सारखा तिथेच बसायचा. आईने फिनाईल मारून पाहिलं, आपल्याला वास येईना, पण त्याला येत असणारच. क्लीनर ओतून पंधरा मिनिटं ओलं ठेवलं, मग पुसलं. दोन-तीनदा असं केल्यावर त्याने तो खांब सोडला. आधी फिनाईल किंवा ब्लीच मारलं असेल तर ते नीट धुऊन मगच हे वापरा, नाहीतर एन्झाइमचं काम होत नाही. शिवाय फिनाईल पंजांना लागतं आणि पिल्लू पंजे चाटतं, ते त्याला घातक. मुतावर ब्लीच तर ओतूच नका, विषारी वायू निघतो. चिऱ्याच्या उघड्या भिंतीवर मात्र क्लीनर कमी पडतो. चिरा सच्छिद्र, मूत आत मुरतं.

पॅड आषाढात वाळतच नाहीत. पंख्याखाली टाकले तरी कुबट वास जात नाही. त्याहून मोठी अडचण वेगळी. पिल्लाला पायाखालच्या स्पर्शाची सवय लागते. मऊ कापडावर शिकलेला खंड्या पायपुसण्यावर बसू लागला, एकदा तर आजीच्या गोधडीवर. त्याच दिवशी पॅड बंद केले.

खरी सवय लागली ती वेळा पाळून. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर थोड्या वेळात आणि खेळ संपला की लगेच बाहेर. पिल्लू जितक्या महिन्यांचं, साधारण तितके तास ते दिवसा धरू शकतं, त्याहून जास्त अपेक्षा करू नये. शेजारची काकी म्हणायची, ‘पावसात खंय न्हेतलंस त्याका?’ लाकडं ठेवायच्या पत्र्याखाली जागा मोकळी करून बांधकामातून उरलेली वाळू पसरली. तिथे बसला की तिथल्या तिथे सोड्याचा (सुक्या कोळंबीचा) तुकडा आणि शाबासकी. घरात येऊन दिली तर ती कशाबद्दल, हे त्याला कळत नाही. चुकला म्हणून नाक घासणं, मारणं अजिबात नको. त्याने ते लपून करायला शिकतात.

लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूंच्या आजाराची) लस वेळेत द्या. आपल्या पट्ट्यात पावसाळ्यात हा आजार असतो आणि कुत्र्याच्या मुतातूनही पसरतो. म्हणून पुसताना हातमोजे घालाच.

ट्रे खळं असलेल्या घराला लागत नाही. रत्नागिरी-चिपळुणात फ्लॅटमध्ये राहत असाल तर बाल्कनीसाठी घ्या, पण खालचा भाग रोज धुवावा लागेल. क्लीनरचा मोठा कॅन मी परत मागवलाय.