आउटबोर्ड मशीनच्या बांधून ठेवलेल्या नळ्या आणि न उतरणारे ऑइल

देवबागला कर्ली नदीच्या मुखाजवळ आमच्या घरची एक लहान फायबरची होडी असून मी आणि माझा चुलतभाऊ ती कांडाळीच्या (उभ्या जाळ्याच्या) मासेमारीसाठी वापरतो. आमचे जुने मशीन निकामी झाल्यामुळे मागील पावसाळ्यात आम्ही एक वापरलेले आउटबोर्ड मशीन, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचे इंजिन, विकत घेतले आणि त्या व्यवहारात फसलो. 1 जून ते 31 जुलै या बंदीच्या काळात होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या असतात, हातात वेळ असतो, आणि नारळी पौर्णिमेपूर्वी सगळे तयार व्हावे अशी घाई प्रत्येकाला असते. त्यामुळे जुन्या मशीनचे बरेच व्यवहार याच दिवसांत होतात. मात्र समुद्र खवळलेला असल्याने पाण्यात चालवून पाहण्याची सोय नसते, ही गोष्ट घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याच्या अधिक कामाची आहे, हे मला तेव्हा उमजले नाही.

मशीन जपानी बनावटीचे, 40 अश्वशक्तीचे, तीन सिलिंडरचे आणि टू-स्ट्रोक होते, म्हणजे आतल्या वंगणासाठी पेट्रोलसोबतच ऑइल जावे लागणारे. त्याची मोठी सोय म्हणून विकणाऱ्याने जे वारंवार सांगितले, ते असे की यात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागत नाही. झाकणाखाली ऑइलची वेगळी टाकी असते, तिच्यातून एक छोटा पंप ऑइल ओढतो आणि इंजिनाच्या वेगानुसार कमी-अधिक प्रमाणात प्रत्येक सिलिंडरच्या वाटेवर सोडतो. हे वर्णन त्या जातीच्या मशीनबाबत अगदी बरोबर आहे. खोटे इतकेच होते की आमच्या मशीनमध्ये त्यातले काहीही चालू नव्हते.

चाचणी त्याच्या अंगणात, पाण्याने भरलेल्या पिंपात झाली. दुसऱ्या ओढीत मशीन सुरू झाले, मागून इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची पिचकारी जोरात पडू लागली, आवाजही स्वच्छ होता. झाकण काढून पाहताना केबलच्या जुडग्यामागे काळ्या टेपने एकत्र गुंडाळलेल्या काही पारदर्शक नळ्या मला दिसल्या आणि मी त्याबद्दल विचारलेही. त्यावर तो सहज म्हणाला, की त्या हवेच्या नळ्या आहेत, कंपनीनेच मोकळ्या ठेवलेल्या असतात. हे उत्तर पटण्यासारखे होते, कारण अशा मशीनमध्ये काही नळ्या खरोखरच एका टोकाला उघड्या असतात. कार्ब्युरेटरला हवा देणारी नळी उघडी असू शकते, पिचकारीच्या नळीचे पाणी तर बाहेरच पडायचे असते. अर्धे खरे उत्तर पूर्ण खोट्यापेक्षा लवकर पचते. मी 1,10,000 रुपये रोख दिले, पावती मागितली नाही, आणि त्याने मोठेपणा म्हणून 25 लिटरची पेट्रोलची टाकी भरून दिली तेव्हा मला माणूस दिलदार वाटला.

त्या भरलेल्या टाकीतच सारी खुबी होती. पिंपातील चाचणीचे पेट्रोल आणि भेट म्हणून दिलेले पेट्रोल, दोन्हींत त्याने आधीच ऑइल मिसळलेले होते. ऑगस्टमध्ये आम्ही चार-पाच फेऱ्या मारल्या, त्या सगळ्या त्याच पेट्रोलवर झाल्या आणि मशीनने काहीही तक्रार केली नाही. मी दर फेरीनंतर झाकण उघडून ऑइलची टाकी पाहत असे. ऑइल जसेच्या तसे, काठापर्यंत. मशीन ऑइल फार कमी खाते म्हणून मी घरी कौतुक केले होते, ही आठवण आजही लाजवते. ऑइल संपत आल्याचा इशारा देणारा भोंगा असतो, त्यावरही माझा भरवसा होता. पण तो भोंगा टाकीतील तरंगत्या गोळ्यावर चालतो आणि टाकीत ऑइल आहे की नाही एवढेच त्याला कळते. ऑइल इंजिनापर्यंत पोहोचते का, हे तो सांगू शकत नाही. टाकी भरलेली, म्हणून भोंगा गप्प.

त्यानंतर आम्ही पंपावरचे साधे पेट्रोल भरले. पहिल्याच फेरीत, पूर्ण वेगाने मुखाकडे जात असताना मशीनचा वेग आपोआप उतरू लागला, किंचाळल्यासारखा एक बारीक आवाज आला आणि ते बंद पडले. दोरी ओढली तर फ्लायव्हील हलेना. ओहोटी लागलेली होती आणि पाणी आम्हाला मुखाबाहेर खेचत होते. नांगर टाकला, तो पहिल्यांदा वाळूत धरला नाही, दुसऱ्यांदा धरला. सुमारे तासाभराने ओळखीची एक होडी आली आणि तिने आम्हाला ओढून आणले. होडीत वल्ही होती, पण त्या ओढीपुढे त्यांचा काही उपयोग झाला नसता.

मालवणच्या एका वयस्कर मेकॅनिककडे मशीन नेले. त्यांनी प्लग काढून पाहिले, ते कोरडे आणि पांढरट पडले होते. मग त्यांनी टेप कापली, नळ्या मोकळ्या केल्या आणि मला विचारले, “ही नळी बांधून कित्याक ठेवल्यानी?” नळ्या तीन होत्या आणि तिन्हींच्या तोंडांत स्क्रू घुसवलेले होते.

नळी कशाची हे ओळखायला तिच्याकडे नुसते बघून उपयोग नाही, ती कुठून निघते आणि कुठे जायला हवी हे बोटाने चाचपत जावे लागते, असे सांगून त्यांनी तसे करूनही दाखवले. पेट्रोलची वाट हाताने दाबून पेट्रोल चढवायच्या रबरी फुग्यापासून सुरू होते. फुग्यावरचा बाण इंजिनाकडे असतो, तिथून गाळणी, मग पेट्रोलचा पंप, मग तिन्ही कार्ब्युरेटर, आणि ही वाट आमच्या मशीनमध्ये पूर्ण होती. पाण्याच्या नळीच्या तोंडाशी मिठाचा पांढरा थर धरलेला असतो, त्यामुळे ती लगेच कळते. क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाचा दांडा फिरतो त्या पेटीच्या, तळाशी साचणारे पेट्रोल-ऑइल पुन्हा वर नेणाऱ्या बारीक नळ्यांची दोन्ही टोके इंजिनावरच बसलेली असतात. उरल्या या तीन पारदर्शक नळ्या. त्या ऑइलच्या पंपातून निघत होत्या, आतून चिकट होत्या, आणि पारदर्शक अशासाठी की आत हवेचा बुडबुडा अडकला तर तो दिसावा. त्यांची दुसरी टोके जिथे बसायची, त्या कार्ब्युरेटरमागच्या तीन तोट्यांवर रबरी टोप्या घातलेल्या होत्या. बाकी सगळे रबर उन्हाने आणि खाऱ्या हवेने तडकलेले असताना या टोप्या मात्र नव्या कोऱ्या होत्या. वेग कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटलपासून ऑइलच्या पंपाकडे जाणारी बारीक दांडीही काढून टाकलेली होती; ती जिच्यावर बसते ती मोकळी राहिलेली गोळी मला पिंपाजवळ उभा असताना दिसली असणार, पण ती कशाची हे मला माहीत नव्हते.

ऑइलचा पंप बंद करणे हीच मुळात लबाडी आहे असे कुणी समजू नये. पंपावर विश्वास न ठेवता पेट्रोलमध्ये हाताने ऑइल मिसळणारे अनेक मच्छीमार आहेत, आणि 50 लिटरला 1 लिटर, म्हणजे 25 लिटरच्या टाकीला अर्धा लिटर, हे प्रमाण पाळले तर मशीन उत्तम चालते. मात्र असा बदल केलेले मशीन विकताना ते स्पष्ट सांगायला हवे. आम्हाला विकणाऱ्याने ते सांगितले तर नाहीच, उलट रिकामी ठेवता आली असती ती ऑइलची टाकी काठोकाठ भरून ठेवली, आणि हे विसरभोळेपणाने होत नाही.

त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, की ऑइल मिसळून टाका असे मी सांगितले होते, तुम्हीच विसरलात. पोलीस ठाण्यात गेलो असता तक्रार लिहून घेतली गेली. भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम 318 त्यांनी मला समजावून सांगितले आणि तो काय म्हणाला होता याचा पुरावा विचारला. माझ्याकडे पावती नव्हती, संदेश नव्हता, साक्षीदार एकटा चुलतभाऊ. एका ओळीचा संदेश पाठवून “यात ऑइल मिसळायचे नाही ना?” एवढे जरी मी त्याच्याकडून लेखी घेतले असते, तरी पुढचे बोलणे वेगळे झाले असते.

सिलिंडर रिबोअर करणे (आतून कोरून गुळगुळीत करणे), तीन पिस्टन, रिंगा आणि मजुरी मिळून 48,000 रुपये गेले आणि हंगामाचे दीड महिने होडी वाळूवरच राहिली. मेकॅनिकनी जुना पंप उघडून पाहिला तेव्हा तो आतून झिजलेला निघाला; विकणाऱ्याने तो बंद का केला याचे उत्तर तिथे मिळाले. आम्ही पंप बदलला, नळ्या नव्या घातल्या आणि आतली हवा निघून जाईपर्यंत सुरुवातीची टाकी ऑइल मिसळूनच चालवली. ऑइलच्या टाकीवर मी एक पट्टी चिकटवून पातळीची रेघ आणि तारीख लिहिली होती. साध्या पेट्रोलवरची पहिली फेरी करून आल्यावर, दोरसुद्धा न बांधता, मी आधी झाकण उघडले. ऑइल रेघेखाली बोटभर उतरलेले होते.