सस्पिरियाची ४के डिस्क, आठ महिने वापरून

मंडळी, डिस्क घेऊन आठ महिने झाले, तेवढ्यात पिक्चर पूर्ण असा सात वेळा बघून झाला आणि तुकड्यातुकड्यात किती वेळा ते मोजलेलं नाही, तर आता लिहायला हरकत नाही. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर चुकीचं लिहिलं असतं, का ते पुढे येईलच.

डिस्क कुठली ते आधी सांगतो. दारिओ अर्जेंतोचा १९७७ चा इटालियन हॉरर, सस्पिरिया. सिनॅप्स फिल्म्स नावाच्या अमेरिकन कंपनीने मूळ ३५ एमएम कॅमेरा निगेटिव्हवरून ह्याचं ४के रिस्टोरेशन केलं, काम जर्मनीतल्या टीएलई फिल्म्सकडे झालं आणि रंग पिक्चरचे सिनेमॅटोग्राफर लुचानो तोव्होली यांनी स्वतः बघून पास केले. २०१७ च्या शेवटी ब्लू-रे आली, स्टीलच्या डब्यात, फक्त ६००० प्रती, कलेक्टर लोकांनी त्या उचलल्या. २०१९ ला यूएचडी, म्हणजे ४के डिस्क आली, माझ्याकडे ती आहे.

मी हा पिक्चर पहिल्यांदा बघितला तो कॉलेजात असताना, व्हिडिओ कॅसेटवर, कॉपीची कॉपीची कॉपी. दोन्ही बाजू कापलेल्या, लाल रंग म्हणजे नुसता चिखल, काळोखात काय चाललंय ते अंदाजाने समजून घ्यायचं. तरी झोप उडाली होती. मग डीव्हीडी, मग परदेशातली एक जुनी ब्लू-रे, तिच्यात कॉन्ट्रास्ट इतका वाढवलेला की दिव्याजवळचा चेहरा पांढराफटक पडायचा. म्हणजे पंचवीस वर्षं मी ह्या पिक्चरवर प्रेम करतोय पण तो नीट बघितलाच नव्हता.

आता रंगाबद्दल, कारण ह्या पिक्चरचा जीव रंगातच आहे. बरेच जण सांगतात की हा एकाच वेळी तीन फिल्मवर चित्र घेणाऱ्या जुन्या तीन पट्ट्यांच्या टेक्निकलर कॅमेऱ्याने शूट केला, ते खरं नाही. शूटिंग साध्या ईस्टमन कलर निगेटिव्हवरच झालं, टेक्निकलरची पद्धत वापरली ती थिएटरच्या प्रिंट काढताना. लिथोची देवादिकांची कॅलेंडरं छापताना एकेका रंगाचा वेगळा ठसा असायचा ना, तसंच काहीसं. निगेटिव्हवरून जिलेटिनचे तीन साचे काढायचे, एक पिवळा, एक निळसर, एक जांभळट गुलाबी अशा रंगात भिजवायचे आणि कोऱ्या फिल्मवर एकावर एक दाबायचे. त्यातून येणारा लाल इतका गडद आणि दाट की तो दुसऱ्या कुठल्या पद्धतीने सहसा येत नाही, आणि ह्या प्रिंटचे रंग वर्षानुवर्षं टिकतात, त्या काळच्या साध्या ईस्टमन प्रिंट मात्र गुलाबी पडत जातात.

इथेच रिस्टोरेशनवाल्यांची खरी परीक्षा असते. निगेटिव्ह स्कॅन केली म्हणजे तो लाल मिळाला असं होत नाही, कारण तो रंग निगेटिव्हमध्ये जसाच्या तसा नसतो, तो प्रिंटमध्ये तयार झालेला असतो. मग ग्रेडिंगला, म्हणजे रंग जुळवायला बसून तो पुन्हा उभा करायचा, आणि कशावरून करायचा तर जुन्या चांगल्या प्रिंटवरून आणि ज्याने लाइट लावले त्या माणसाच्या डोळ्यावरून. तोव्होलींनी मखमलीच्या आणि रंगीत कापडाच्या चौकटी नटांच्या तोंडाच्या अगदी जवळ धरून त्यातून प्रकाश टाकला होता. तो माणूस हयात असताना हे काम झालं हे मला फार मोठं वाटतं.

ह्या डिस्कवर तो फरक कुठे दिसतो ते सांगतो. मधे एक प्रसंग आहे, छतातून अळ्या पडतात म्हणून नृत्य अकादमीतल्या सगळ्या मुलींना मोठ्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरी टांगून झोपवतात, दिवे जातात आणि सगळा हॉल लाल होतो. कॅसेटवर तो पूर्ण पडदाच एक डाग होता. इथे लालातसुद्धा पायऱ्या आहेत, चादरीच्या चुण्या, मागची सावली, नायिका सुझीच्या कपाळावरचा उजेड सगळं वेगळं ओळखू येतं, आणि चादरीपलीकडे घोरणारी ती जी कोण आहे तिची आकृती इतकी स्पष्ट की मी पंचवीस वर्षांनी परत घाबरलो. लाल रंग व्हिडिओत सगळ्यात आधी फुटतो, तपशील आधी तिथेच मरतो, म्हणून कुठलीही नवी आवृत्ती आली की मी आधी हा प्रसंग लावून बघतो.

आता पहिल्या आठवड्याची गोष्ट. डिस्क लावली, टीव्ही दुकानातून आला तेव्हा जसा होता तसाच, भडक मोडवर, नॉइज रिडक्शन चालू, मोशन स्मूदिंग चालू. बघितलं आणि मन खट्टू झालं, चेहरे मेणाचे आणि हालचाल टीव्ही मालिकेसारखी. मला वाटलं रिस्टोरेशनमध्येच ग्रेन, म्हणजे फिल्मचे बारीक कण, पुसलेत. दोष डिस्कचा नव्हताच. टीव्हीतला फिल्ममेकर मोड लावला, बाकी सगळं बंद केलं, आणि ग्रेन परत आला, बारीक, जिवंत, निळ्या प्रसंगांत थोडा जास्त. ज्यांना ग्रेन म्हणजे खराबी वाटते त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की महिनाभर तो बघून सवय करा, कारण फिल्मवर चित्र त्या कणांनीच बनलेलं असतं, ते पुसले की चित्रच पुसलं जातं. रिस्टोरेशन म्हणजे जुनं भांडं घासून चकचकीत करणं नाही, त्या दिवशी थिएटरात जे होतं तिथपर्यंत परत जाणं, हे मला वाचून माहीत होतं पण डोळ्याला पटलं ते ह्या डिस्कमुळे.

आवाज. दोन इंग्रजी ट्रॅक आहेत, एक नवा अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारी पद्धत) आणि एक १९७७ चा मूळ चार चॅनलचा, डावा, मधला, उजवा आणि मागे एक. सुरुवातीला अ‍ॅटमॉस लावायचो, नवीन सेटअप घेतलाय तर वाजवू दे म्हणून. तीन वेळा बघितल्यावर चार चॅनलवर गेलो तो आजपर्यंत तिथेच आहे. अ‍ॅटमॉस वाईट अजिबात नाही, पाऊस वरून पडतो वगैरे मजा आहे. पण जुन्या मिक्समध्ये गॉब्लिन ह्या इटालियन बँडचं संगीत समोरून अंगावर येतं आणि दबाव जाणवतो. सुरुवातीला म्युनिकच्या विमानतळावर सुझी दारापाशी येते, सरकतं दार उघडलं की संगीत ऐकू येतं, मिटलं की गप्प, ते ह्या ट्रॅकवर हेडफोन न लावता मोठ्या आवाजात ऐका एकदा. (शेजारी दोनदा येऊन गेले, आता रविवारी दुपारीच लावतो.) अकादमीच्या दारात ती दुसरी मुलगी पावसात काहीतरी तुटक बोलून पळून जाते, त्या शब्दांचं शेवटी काम असतं, म्हणून तिथे कान द्या. ओठ आणि आवाज जुळत नाहीत अशी तक्रार वाचली, तो बिघाड नाही, बरेचसे कलाकार आपापल्या भाषेत बोललेत आणि आवाज नंतर डब झालेत, त्या काळी इटलीत हीच पद्धत होती.

बाकी मटेरियल भरपूर आहे, सगळंच परत परत बघण्यासारखं नाही. जर्मनीतल्या लोकेशनवरची छोटी फिल्म मला आवडली, अकादमीचा तो लाल दर्शनी भाग फ्रायबुर्गमधल्या एका जुन्या घरावरून सेट म्हणून बांधलेला आहे, आणि आंधळ्या पियानोवाल्याचा प्रसंग म्युनिकच्या क्योनिग्सप्लात्झला घेतलाय. कॉमेंटरी, म्हणजे पिक्चर चालू असताना जाणकारांचं बोलणं, दोन आहेत, अर्धी एक ऐकली.

त्रासाचं पण लिहितो. पहिली प्रत मी बाहेरच्या एका दुकानातून मागवली होती, पार्सल पाच आठवड्यांनी आलं, कस्टमचे पैसे वेगळे, आणि उघडलं तर डब्यातली मधली पकड तुटलेली, डिस्क आत सैल फिरत होती, ओरखडे पडून बरोबर तासाभराने चित्र अडकायचं. फोटो पाठवले, मेल केले, उत्तर आलं नाही. शेवटी मावसभाऊ न्यू जर्सीहून दिवाळीला येणार होता त्याच्याकडून दुसरी प्रत मागवली, ती कपड्यांच्या मधे नीट आली. तेव्हापासून नियम केलाय, कुठलीही डिस्क आल्या आल्या पूर्ण लावून बघायची, परत करायची मुदत संपायच्या आत.

प्लेअर हा दुसरा डोकेदुखीचा विषय. ओप्पोने २०१८ ला बंद केले, सॅमसंगने २०१९ ला, एलजीनेसुद्धा २०२४ च्या शेवटी, म्हणजे चांगला यूएचडी प्लेअर मिळतोय तोवर घेऊन ठेवा. मी जुना वापरलेला घेतला, महिन्यातून एकदा लेन्सवरची धूळ बघतो, अजून तक्रार नाही. यूएचडी डिस्कला रीजन, म्हणजे ठरावीक देशांतल्याच प्लेअरवर चालण्याचं बंधन, नसतो त्यामुळे अमेरिकेतली आपल्याकडे बिनधास्त चालते. साध्या ब्लू-रेला मात्र रीजन असू शकतो, भारत सी मध्ये येतो, अमेरिका ए, तेव्हा घेताना बघून घ्या.

स्ट्रीमिंगवर आहे तर डिस्क कशाला, हा प्रश्न मला घरात आणि बाहेर सारखा येतो. मी पुण्यात राहतो. २००३ ला इथे नायट्रेट फिल्मच्या, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मच्या गोदामाला आग लागली, आपल्या सिनेमाच्या सुरुवातीच्या काळातल्या फिल्म त्यात गेल्या. आपल्याकडचे किती मूकपट नावापुरते उरलेत ते सगळ्यांना माहीत आहे. सस्पिरियाची निगेटिव्ह कुणीतरी जपून ठेवली म्हणून चाळीस वर्षांनी हे काम होऊ शकलं. निगेटिव्ह नसती तर ४के काय नि ८के काय, माझी ती कॅसेटच उरली असती.

मग घ्यायची का? तुमचा टीव्ही ४के एचडीआर (उजेड-काळोखाचा जास्त पल्ला दाखवणारा) असेल आणि मागे निदान दोन स्पीकर असतील तर डोळे झाकून यूएचडी घ्या. टीव्ही साधा असेल तर ब्लू-रे घ्या, रिस्टोरेशन तेच आहे, पैसे वाचतील, आणि चार चॅनलचा ट्रॅक त्यातही आहे.